राडारोडा की सामान? : चक्रीय बांधकामाच्या निविदांतील शब्दार्थ

एखादी इमारत पाडल्यावर तिच्यातून निघणाऱ्या वस्तूंना काय म्हणावे, हा प्रश्न वरकरणी केवळ शब्दांचा वाटतो. मराठीत जुना वाडा उतरविताना सागवानी तुळया, खांब, दारे यांस ‘सामान’ म्हणतात व त्यांचा वेगळा सौदा होतो. उरलेल्या माती-विटांच्या ढिगास ‘राडारोडा’ म्हणतात आणि तो हलविण्यासाठी उलट पैसे मोजावे लागतात. एकाच वास्तूतून निघालेल्या द्रव्याचे हे दोन भाग कोणत्या क्षणी व कोणाच्या निर्णयाने पडतात, या प्रश्नावर आज युरोपातील ‘चक्रीय बांधकामा’चे यशापयश पुष्कळ अंशी अवलंबून आहे. जुन्या इमारतीचे घटक शक्य तितके अखंड ठेवून नव्या इमारतीत योजणे, असे या पद्धतीचे स्वरूप आहे. अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांना माफक भाड्याने घरे देणाऱ्या गृहसंस्थांनी ती काही ठिकाणी अवलंबिली आहे. तिच्यापुढील अडचणी केवळ अभियांत्रिकीच्या नाहीत. त्यांतील बऱ्याच निविदेच्या व कराराच्या भाषेतून उद्भवतात.

प्रथम ‘कचरा’ या संज्ञेचा विचार करू. युरोपीय संघाच्या २००८ च्या कचराविषयक निदेशानुसार, जी वस्तू तिचा धारक टाकून देतो, टाकून देऊ इच्छितो किंवा टाकून देण्यास बांधलेला असतो, ती कचरा होय. या व्याख्येत वस्तूच्या गुणधर्माचा उल्लेखच नाही. सारा भार ‘टाकून देणे’ या क्रियापदावर व त्यामागील हेतूवर आहे. धडधाकट दरवाजाही मालकाने टाकण्याचा हेतू प्रकट करताच कचरा ठरतो, आणि एकदा तसा ठरल्यावर त्यास पुन्हा ‘वस्तू’ म्हणवून घेण्यासाठी कायदेशीर सोपस्कारांतून जावे लागते. पाडकामाच्या निविदेत ‘सर्व राडारोडा हलवून जागा मोकळी करून द्यावी’ असे वाक्य घालणारा मालक नकळत आपला हेतूच जाहीर करीत असतो. हा धोका ओळखून फ्रान्सने १० फेब्रुवारी २०२० च्या कायद्यात एक तरतूद केली. पाडकामाच्या किंवा नूतनीकरणाच्या जागेवरच, पुनर्वापरयोग्य वस्तू पारखण्यास समर्थ अशा व्यक्तीने निवड केली, तर पुनर्वापरासाठी वेगळ्या काढलेल्या वस्तूंना कचऱ्याचा दर्जा प्राप्त होत नाही. येथे वस्तू बदलली नाही; तिचे वर्गीकरण कोणी व केव्हा करावे, हे मात्र बदलले.

दुसरा प्रश्न मापनाचा. उपरोक्त निदेशाने बांधकाम व पाडकाम यांतील निरुपद्रवी कचऱ्यापैकी किमान ७० टक्के द्रव्य २०२० पर्यंत उपयोगात आणावे, असे उद्दिष्ट ठेवले होते. परंतु हे प्रमाण वजनावर मोजावयाचे होते, आणि त्यात खड्ड्यांची भरही समाविष्ट होती. काँक्रीट जड, दरवाजा हलका. अर्थात काँक्रीटचा चुरा करून भराव घातला की आकडा गाठता येतो, मग दारे, खिडक्या व स्नानगृहातील भांडी फुटून गेली तरी चालते. मराठीतही ‘पुनर्वापर’ हा शब्द दोन भिन्न क्रियांसाठी सैलपणे वापरला जातो. दरवाजा दरवाजा म्हणूनच पुन्हा बसविणे हा पुनर्वापर. तो भरडून त्याच्या भुशाचे तक्ते करणे हे पुनश्चक्रण. ज्या निविदेत हा भेद केलेला नसतो, तीत कंत्राटदार साहजिकच स्वस्त अर्थ स्वीकारतो. म्हणून टक्केवारीऐवजी कोणत्या वस्तू, किती नग, कोणत्या स्थितीत उतरवून कोठे ठेवावयाच्या, हे अनुसूचीतच नमूद करणे अधिक परिणामकारक ठरते. त्यासाठी पाडकामापूर्वी इमारतीची मोजदाद व्हावी लागते. फ्रान्समध्ये मोठ्या इमारतींच्या बाबतीत अशी पूर्वतपासणी बंधनकारक आहे. ब्रुसेल्समधील ‘रोटर’ या संस्थेने सार्वजनिक इमारतींतून वस्तू अखंड बाहेर काढण्याविषयी २०१५ मध्ये एक मार्गदर्शिकाच प्रसिद्ध केली.

तिसरा प्रश्न खरेदीचा. ‘नवीन व अव्वल दर्जाचे’ हे विशेषण निविदांत सवयीने येते, आणि तेवढ्यानेच जुनी वस्तू दाराबाहेर राहते. युरोपीय संघाच्या २०१४ च्या सार्वजनिक खरेदी निदेशाने दोन वाटा मोकळ्या ठेवल्या आहेत. वस्तूचे वर्णन तिच्या कार्यावरून करता येते, म्हणजे दार इतका वेळ आग रोखील, इतका आवाज अडवील, एवढेच सांगता येते; आणि निवड करताना केवळ आरंभीची किंमत न पाहता संपूर्ण आयुष्यकाळातील खर्च हिशेबात धरता येतो. तथापि एक अडचण उरते. निविदा निघते त्या दिवशी जुन्या वस्तू नेमक्या किती मिळतील, हे ठाऊक नसते. पाडकामाचे व उभारणीचे अशी दोन कंत्राटे परस्परांशी संबंध न ठेवता काढली, तर पहिल्यातील माल दुसऱ्याच्या हाती पडेपर्यंत नाहीसा झालेला असतो.

या संदर्भात नेदरलँड्समधील केर्क्राडे या गावचे उदाहरण बोधप्रद आहे. लोकसंख्या घटत चाललेल्या या भागात ‘हेमवोनेन’ या गृहसंस्थेच्या १९६० च्या दशकातील दहामजली इमारती होत्या. युरोपीय संघाच्या साहाय्याने चाललेल्या ‘सुपरलोकल’ प्रकल्पात काँक्रीटचे मोठे भाग कापून यारीने खाली उतरविण्यात आले, आणि जुन्या द्रव्यातून त्याच परिसरात प्रायोगिक घरे उभारण्यात आली. जुन्या इमारतींची व नव्या घरांची मालकी एकाच संस्थेकडे असल्याने ‘टाकून देण्याचा’ हेतू मध्ये येण्यास फारसा वाव नव्हता. जेथे कंत्राटे दोन करणे भाग असते, तेथेही उतरविलेल्या मालाची मालकी गृहसंस्थेने स्वतःकडे राखून तो नव्या कंत्राटदारास पुरविणे, व कमी पडल्यास पर्यायी वस्तूचा दर आधीच ठरवून ठेवणे, हा मार्ग उपलब्ध असतो.

अखेरचा व सर्वांत नाजूक प्रश्न दायित्वाचा. फ्रान्समध्ये बांधकाम करणाऱ्यावर इमारतीच्या गंभीर दोषांची जबाबदारी दहा वर्षे असते, आणि १९७८ च्या कायद्याने त्यासाठी विमा अनिवार्य केला आहे. जुन्या तुळईची हमी कोणी द्यावी—उतरविणाऱ्याने, तपासणाऱ्याने की बसविणाऱ्याने? करार याबाबत मुका राहिला, तर कंत्राटदार जोखीम गृहीत धरून दर वाढवितो किंवा जुना माल नाकारतो. वाढलेल्या दराचा भार शेवटी भाड्यावर वा अनुदानावर पडतो. आणि हमीवाचून बसविलेल्या सदोष वस्तूचा त्रास त्या घरात राहणाऱ्या कुटुंबास होतो, ज्याला दुसरे घर निवडण्याची ऐपत नसते. म्हणून तपासणी कोणी, कोणत्या कसोटीने करावी व तिचा खर्च कोणी सोसावा, याची स्वतंत्र कलमे आवश्यक होत.

तात्पर्य, निविदेचा मसुदा हा तयार झालेल्या योजनेवर चढविलेला कायदेशीर पोशाख नव्हे. ‘कचरा’, ‘पुनर्वापर’, ‘नवीन’ आणि ‘हमी’ या चार शब्दांचे अर्थ पाडकामाचा पहिला घाव पडण्यापूर्वी कागदावर निश्चित झाले पाहिजेत. ते काम वास्तुविशारद, अभियंता व विधिज्ञ यांनी एकत्र बसून करावयाचे आहे, आणि जी कुटुंबे त्या घरांत राहावयाची आहेत त्यांनाही तो मसुदा समजेल अशा भाषेत लिहावयाचा आहे.