खड्ड्याचा भुर्दंड कोणाच्या माथीं ?

रस्त्यांतील खड्ड्यांत आपटून सायकलीचें चाक वांकडें झालें, तर त्याच्या दुरुस्तीचे पैसे कोणीं द्यावे ? आमच्याकडे हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. सायकलस्वार धूळ झटकून उठतो, नशिबास बोल लावतो, आणि सायकल ढकलीत दुरुस्तीचें दुकान गांठतो. इंग्लंडांत अशा प्रसंगीं जागरूक सायकलस्वार प्रथम खड्ड्याची लांबी, रुंदी व खोली मोजतो, त्याचें छायाचित्र घेतो, दुरुस्तीची पावती जोडतो, आणि रस्ते राखणाऱ्या कौन्सिलाकडे भरपाईची रीतसर मागणी पाठवितो. त्यास कोणी कज्जेदलाल म्हणत नाहीं. आपण कर भरला, तेव्हां रस्ता धड असणें हा आपला हक्क आहे, एवढेंच तो सांगत असतो.

हा हक्क इंग्रजांसहि सुखासुखीं मिळालेला नाहीं. १७८८ सालीं डेव्हन परगण्यांतील एका नादुरुस्त पुलामुळें एका गृहस्थाच्या गाडीचें नुकसान झालें. त्यानें परगण्याच्या रहिवाशांवर दावा केला. परगण्याजवळ भरपाई देण्याजोगा सामाईक निधि नाहीं, आणि असा एक दावा चालूं दिला तर दाव्यांस अंत राहणार नाहीं, अशा कारणांनीं न्यायालयानें तो फेटाळला. पुढें यांतूनच एक विचित्र नियम रूढ झाला: रस्ता दुरुस्त करतांना चूक केली तर संस्था जबाबदार, परंतु रस्ता मुळींच दुरुस्त केला नाहीं, तर ती निर्दोष! काम करणारा सांपडावा आणि स्वस्थ बसणारा सुटावा, असा हा न्याय होता. १९६१ च्या कायद्यानें त्याचें उच्चाटन केलें, व तो कायदा १९६४ पासून अंमलांत आला. म्हणजे या एका अन्यायाचें निवारण होण्यास पावणेदोनशें वर्षें लागलीं.

तेथील सायकलस्वार मात्र त्यापूर्वींच जागे झाले होते. त्यांची मोठी संस्था १८७८ त स्थापन झाली, आणि १८८६ त सायकलस्वारांच्या संघटनांनींच रस्तेसुधारणेसाठीं स्वतंत्र मंडळ काढलें. त्या वेळीं तेथील रस्त्यांवर मोटारगाडी धावूं लागली नव्हती. चांगल्या रस्त्याची चळवळ मोटारवाल्या धनिकांनीं नव्हे, तर दोन चाकांवर फिरणाऱ्यांनीं सुरू केली, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

इंग्लंड व वेल्समध्यें आज लागू असलेला कायदा १९८० चा आहे. त्याचें ४१ वें कलम सार्वजनिक खर्चानें राखावयाचे रस्ते सुस्थितींत ठेवण्याचें कर्तव्य संस्थेवर लादतें. ५८ वें कलम तिला ढालहि देतें: रस्त्याचें स्वरूप व त्यावरील रहदारी पाहून वाजवी काळजी घेतली होती, असें तिनें सिद्ध केलें तर ती सुटते. अर्थात् दावा केला कीं पैसे मिळाले, असें तेथेंहि नाहीं. परंतु हें सिद्ध करण्याचा भार संस्थेवर आहे. आणि खड्डा तिला ठाऊक होता काय, किंवा असावयास हवा होता काय, हें न्यायालय पाहतें. सारी ग्यानबाची मेख येथेंच आहे. ज्या खड्ड्याची वर्दी कोणीं अगोदर दिली असेल, त्याविषयीं ‘आम्हांस माहीत नव्हतें’ असें म्हणण्यास संस्थेस तोंड उरत नाहीं. आज एकानें दिलेली वर्दी उद्यां पडणाऱ्या दुसऱ्याचा पुरावा होते.

आतां आपल्या घराकडे वळूं. सुस्थितींतील रस्ता हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदांतील जीविताच्या हक्काचा भाग होय, असें मुंबई उच्च न्यायालयानें २०१५ त सांगितलें. ऑक्टोबर २०२५ मध्यें त्याच न्यायालयानें, खड्ड्यामुळें मृत्यु आल्यास वारसांस ६ लक्ष रुपये, आणि जखमीस दुखापतीप्रमाणें ५० हजारांपासून अडीच लक्षांपर्यंत भरपाई द्यावी, व ती कसूर करणारांकडून वसूल करावी, असा आदेश दिला. या आदेशाचें आम्ही मनःपूर्वक स्वागत करतों. परंतु तो मृत्यु व दुखापत यांपुरता आहे. ज्याचें हाड मोडलें नाहीं पण चाक मोडलें, त्यानें काय करावें ? त्यानें दिवाणी दावा लावावा, तर १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमाचें ४८७ वें कलम आडवें येतें: आधीं एक महिन्याची नोटीस, आणि दावा सहा महिन्यांच्या आंत. इंग्लंडांत मालाच्या नुकसानीच्या दाव्यास सहा वर्षांची मुदत आहे. दीड-दोन हजारांच्या चाकासाठीं वकील, नोटीस व तारखा यांचें ओझें कोण उचलील ? हक्क आहे, पण तो बजावण्याची वाट खड्ड्यांनीं भरलेली आहे.

भरपाई देत बसलों तर खड्डे बुजविण्यास पैसा कोठून आणावा, असा आक्षेप येतो. त्याचा मतितार्थ एवढाच कीं, संस्थेच्या हयगयीचा खर्च सायकलवरून कामास जाणाऱ्या मजुरानें व शाळेस जाणाऱ्या मुलानें आपल्या खिशांतून भरावा. हा तर चोर सोडून संन्याशास सुळीं देण्याचा प्रकार झाला. दुरुस्तीपेक्षां हयगय महाग पडूं लागेल, तेव्हांच दुरुस्ती वेळेवर होईल.

म्हणून आमची मागणी अगदीं माफक आहे. प्रत्येक प्रभागांत खड्ड्यांच्या वर्दीची नोंदवही असावी, ती कोणासहि पाहतां यावी, आणि वर्दी देणारास तारीख-वेळेसह पोंच मिळावी. लहान नुकसानीचे अर्ज वकिलावांचून, ठराविक मुदतींत निकालीं निघावे. एके काळीं सायकलींचें शहर म्हणून मिरविणाऱ्या पुण्यानें यांत पुढाकार घ्यावा, हें त्याच्या लौकिकास साजेसेंच होईल. आणि वाचकांसहि आमचें सांगणें आहे: खड्डा चुकवून पुढें जाऊं नका, दोन ओळींची वर्दी द्या व तिची पोंच जपून ठेवा. मागून येणारा कोण आहे, हें तुम्हांस ठाऊक नसतें.