दांत, व्यसन आणि मन

ज्याचे दांत किडले तो आळशी, असा निवाडा आपल्या समाजांत फार चटकन् दिला जातो. गोड खाल्लें आणि दांत घासले नाहींत, एवढीं दोनच कारणें आपणांस ठाऊक असतात. परंतु दंतवैद्यांकडे येणाऱ्या माणसांपैकीं कित्येकांच्या दांतांची दुर्दशा व्यसनानें किंवा मनाच्या आजारानें झालेली असते. आणि या दोहोंविषयीं घरांत उघड बोलण्याची चाल नसल्यामुळें दांत वांचविण्याची वेळ निघून जाते. आमच्या बालवाचकांस हा विषय कांहींसा अवजड वाटेल. तथापि ज्याच्या नात्यागोत्यांत असें एकहि माणूस नाहीं असें घर विरळा, म्हणून आम्हीं तो येथें मांडण्याचें योजिलें आहे.

प्रथम लाळेविषयीं चार शब्द सांगणें अवश्य आहे. तोंडांतील सूक्ष्म जंतु साखरेवर जगतात व तिचें आम्ल बनवितात. दांतावरील शुभ्र कवच हा आपल्या शरीरांतील सर्वांत कठीण पदार्थ खरा, पण आम्लापुढें तोहि विरघळूं लागतो. हें आम्ल धुऊन टाकण्याचें, आणि कवचांतून गेलेला चुना व फॉस्फरस त्यास परत देण्याचें काम लाळ करते. दिवसाकाठीं सुमारें अर्धा ते दीड लिटर लाळ सुटते. ती कमी झाली कीं पहारेकरी निजल्यासारखें होतें. हाड मोडलें तर सांधतें, कातडी फाटली तर भरून येते. परंतु कवचांत सजीव पेशी नसल्यामुळें त्यास पडलेलें भोंक शरीर स्वतः बुजवीत नाहीं.

आतां व्यसनाकडे वळूं. महाराष्ट्रांत व्यसनाचा व दांतांचा संबंध शोधावयाचा तर दारूच्या गुत्त्यांत जाण्याची गरज नाहीं. स्वयंपाकघरांतील तव्याकडे पाहिलें म्हणजे पुरे. तंबाखूचीं पानें तव्यावर काळीं होईपर्यंत भाजावयाचीं, त्यांची पूड करून डबींत भरावयाची, आणि ती सकाळीं बोटानें दांतांस व हिरड्यांस लावावयाची, ही मशेरी. ती लावणाऱ्या आज्या, आत्या, माम्या तिला व्यसन म्हणतच नाहींत. त्यांच्या लेखीं ती दांत घासण्याची पूड असते. आरंभ पुष्कळदां दाढदुखीनें होतो. शेजारीण सांगते, “बाई, चिमूटभर लावून बघ, ठणका थांबेल.” ठणका कांहीं वेळ कमी झाल्यासारखा वाटतो, पण तंबाखूंतील निकोटीन तोंडाच्या मऊ त्वचेंतून रक्तांत शिरतें आणि त्याची चटक लागते. मग सकाळची मशेरी जेवणानंतरहि लागते, तिसऱ्या प्रहरींहि लागते; न मिळाली तर डोकें दुखतें व चिडचिड होते. मूळची दाढ मात्र आंतल्या आंत किडतच राहते. स्वच्छतेसाठीं लावलेल्या पुडीनें दांत काळे पडतात, हिरड्या मागें सरतात, मुळें उघडीं पडतात, आणि पूड रोज ज्या जागीं ठेवली जाते तेथें कधीं कधीं पांढरट चट्टा उमटतो. असल्या चट्ट्याच्या जागीं पुढें कर्करोगहि उद्भवूं शकतो. टूथपेस्ट व दंतमंजन यांत तंबाखू घालण्यास भारत सरकारनें १९९२ सालीं मनाई केली. परंतु घरच्या तव्यास कोणता कायदा लावावयाचा? २०१६-१७ सालच्या पाहणींत भारतांतील प्रौढांपैकीं शेंकडा २१.४ लोक धुराविना तंबाखू सेवन करणारे आढळले, म्हणजे पांचांत एकाहून अधिक.

सुपारीची गोष्ट अधिक फसवी आहे. ती मंगलकार्यांत मानाची. पानसुपारीवांचून आपला समारंभ पुरा होत नाहीं. तरीहि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें २००४ सालीं नुसती सुपारीहि, तंबाखू नसतांना, कर्करोगकारक ठरविली. नित्य सुपारी चघळणाऱ्याच्या गालांच्या आंतील त्वचेखालीं राठ तंतू सांचूं लागतात. प्रथम तिखट भाजी झोंबते, मग गाल आंतून पांढुरके व ताठ होतात, आणि अखेर तोंड उघडेनासें होतें. भारतांत या रोगाचें वर्णन डॉ. एस. जी. जोशी यांनीं १९५३ सालीं केलें. निरोगी माणसाच्या तोंडांत त्याचीं स्वतःचीं तीन बोटें उभीं मावतात. या रोग्याच्या तोंडांत दोन, पुढें पुढें एकच. मग मागच्या दाढांपर्यंत ब्रश पोंचत नाहीं आणि दंतवैद्याचें हत्यारहि पोंचत नाहीं. व्यसन दांत बिघडवितें, आणि ते दुरुस्त करण्याचें दारहि लावून घेतें. ताठरलेलें तोंड सुपारी सोडल्यावर पूर्ववत् मऊ होत नाहीं, पण रोगाची वाढ रोखावयाची तर सुपारी सोडणें हाच पहिला उपाय. गुटख्यावर महाराष्ट्रांत २०१२ पासून बंदी आहे. रंगीत पुड्या तरीहि मुलांच्या हातीं कशा पोंचतात, हें पालकांस आम्हीं सांगावयास नको.

दारूविषयीं थोडक्यांत सांगतों. तिनें तोंड कोरडें पडतें, वारंवार होणाऱ्या ओकाऱ्यांतील आम्लानें दांत झिजतात, आणि झोकांड्या खाऊन पडल्यानें पुढचे दांत मोडतात, हें सर्वांस दिसतें. न दिसणारी गोष्ट ही कीं, यकृत बिघडलें म्हणजे रक्त गोठण्यास लागणारीं द्रव्यें पुरेशीं तयार होत नाहींत. अशा माणसाची दाढ काढली तर रक्त थांबतां थांबत नाहीं. दंतवैद्यापासून दारू लपविणें हा त्यामुळें जिवाशीं खेळ होतो.

मनाच्या आजारांची रीत निराळी. तीव्र उदासीनतेचा आजार झालेल्या माणसास सकाळीं अंथरुणांतून उठणें हेंच डोंगर चढण्याइतकें कठीण होतें. दांत घासावे हें त्यास ठाऊक असतें. ठाऊक असून हात उचलत नाहीं, हेंच त्या आजाराचें लक्षण. छिन्नमनस्कतेंतहि इच्छाशक्ति अशीच मंदावते. चिंतेनें ग्रासलेलीं कांहीं माणसें झोपेंत करकरां दांत खातात व कवच झिजवितात. (मुलानें दांत खाल्ले कीं जंतांचें औषध देण्याची आपल्याकडे चाल आहे, ती बहुधा वायां जाते.) त्यांत मनोरुग्णांमध्यें तंबाखूचें प्रमाण इतरांहून अधिक आढळतें, कारण तिनें घटकाभर बरें वाटतें.

औषधांचाहि यांत वांटा आहे. अमिट्रिप्टिलीनसारखीं उदासीनतेवरील जुनीं औषधें लाळ आटवितात. लिथियम घेणाऱ्यास तहान फार लागते; ती तो गोड चहानें व सरबतानें भागवूं लागला तर दांतांवर दिवसभर साखरेचें पाणी फिरत राहतें. उलट क्लोझापीननें लाळ इतकी सुटूं शकते कीं रात्रीं उशी भिजते. यावरून औषध बंद करावें असा अर्थ मात्र कोणीं काढूं नये. औषध एकाएकीं सोडल्यानें आजार उलटण्याचें भय मोठें आहे. साधें पाणी घोट घोट पिणें, चहांतील साखर सोडणें, फ्लोराइड असलेली पेस्ट वापरणें, आणि तक्रार डॉक्टरांच्या कानीं घालून मात्रा बदलतां येईल काय तें पाहणें, हे त्यावरील उपाय.

या सर्वांहून आम्हांस क्लेशकारक वाटते ती गोष्ट पुढेंच आहे. मनाचा आजार असलेल्या माणसानें जेवण टाकलें, रात्रभर येरझारा घातल्या, गालावर चापट्या मारून घेतल्या, तर घरचीं माणसें म्हणतात, “याचा आजार पुन्हां उसळला.” ठणका दाढेचा असतो, आणि वाढविली जाते झोपेची गोळी. तो दाढ दुखते म्हणून सांगत असला तरी त्याचें बोलणें भ्रमांत काढलें जातें. म्हणून अशा माणसाचें वागणें अचानक बदललें तर गालास सूज आहे काय, तो एकाच बाजूनें चावतो काय, गार पाणी टाळतो काय, हें आधीं पाहावें. व्यसनी माणसाची अडचण याच्या जोडीची: दंतवैद्य रागावतील या धास्तीनें तो वर्षानुवर्षे खुर्चीवर बसत नाहीं, आणि हसतांना तोंडावर हात धरतो. घरांतील मुलें त्या हाताची थट्टा करतात तेव्हां तो बाहेर जाणेंहि सोडतो.

व्यसन सोडण्यास मदत करणाऱ्या संस्था आपल्याकडे आहेत. पुण्याचें मुक्तांगण डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनीं १९८६ सालीं स्थापिलें. मनाच्या आजाराविषयीं सल्ला हवा असल्यास १४४१६ या क्रमांकावर शासनाची विनामूल्य दूरध्वनि-सेवा २०२२ पासून चालू आहे. शासकीय दंत महाविद्यालयें मुंबई, नागपूर व छत्रपति संभाजीनगर येथें आहेत. रुग्णास तेथें नेतांना त्याच्या विश्वासांतलें एक माणूस बरोबर असावें, आणि सर्व काम एकाच दिवशीं उरकण्याचा हट्ट धरूं नये. चालू औषधांची चिठ्ठी अवश्य दाखवावी. लिथियम घेणाऱ्यानें दाढ काढल्यावर आयबुप्रोफेनची गोळी आपल्या मनानें घेतली तर रक्तांतील लिथियम वाढून विषबाधा होऊं शकते. ही चूक एका चिठ्ठीनें टळते. शेवटची गोष्ट कवळीची. ‘सगळे दांत काढून कवळी बसवा’ असें घरचीं माणसें कंटाळून म्हणतात. परंतु कवळी हिरडीस धरून ठेवतो तो लाळेचाच पातळ थर, आणि कोरड्या तोंडांत ती सैल राहून घासते व जखमा करते. तेव्हां जे दांत अद्याप हलत नाहींत ते भरून घेतां येतील काय, हें दंतवैद्यास आधीं विचारावें.