उड्या मारणाऱ्या कोळ्यांची बदलती वंशावळ

अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत एखाद्या कारखान्याच्या उन्हातल्या भिंतीपाशी जरा थांबलं, तर मेनेमेरस बायव्हिटॅटस भेटण्याची बरीच शक्यता असते. राखाडी, चपटा, जेमतेम सेंटिमीटरभर. माशी दिसली की तो अख्खा वळतो, समोरच्या दोन मोठ्या डोळ्यांनी तिला न्याहाळतो, मांजरीसारखा दबकत पुढे सरकतो, धागा भिंतीला चिकटवतो आणि झेपावतो. शरीरातल्या द्रवाचा दाब एकदम वाढतो, मागचे पाय ताठ होतात, ती ही झेप. शिकारीसाठी जाळं विणणं याच्या रक्तात नाही.

याचं कुळ साल्टिसिडी. सहा हजारांहून अधिक जातींचं, कोळ्यांमधलं सर्वांत मोठं कुळ. एवढ्या गोतावळ्याची नाती लावायची कशी? फ्रान्सच्या यूजीन सिमाँ यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जबड्यावरचे दात पाहून तीन गट पाडले. ओळख पटवायला ते सोयीचं होतं. पण सारखे दात वेगवेगळ्या घराण्यांतही येतात. कोळी-अभ्यासक वेन मॅडिसन यांनी 2015 मध्ये डीएनए आणि शरीररचना एकत्र ताडून सात उपकुळं मांडली आणि नव्वद टक्क्यांहून अधिक जाती एकट्या साल्टिसिनीत गेल्या. पोलंडचे येझी प्रुशिन्स्की मात्र जनन-अवयवांच्या रेखाटनांवर ठाम राहिले आणि 2016 मध्ये त्यांनी मोठमोठ्या प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचे गट, फोडल्या. माझ्या मते नात्यांचा निवाडा मॅडिसन यांच्याच वाटेने होईल, पण सूक्ष्मदर्शकाखाली नमुना ठेवला की प्रुशिन्स्कींच्या चित्रांवाचून चालत नाही.

या फेरमांडणीची झळ आपल्या आंब्याच्या झाडापर्यंत पोहोचते. लाल विणकर मुंग्यांच्या आसपास हुबेहूब त्यांच्यासारखा दिसणारा एक कोळी वावरतो. पुढचे दोन पाय मिशांसारखे हलवतो. नराचे जबडे तर इतके लांब, की मुंगी तोंडात काहीतरी धरून निघाल्याचा भास होतो. 1869 मध्ये याची नोंद साल्टिकस प्रजातीत झाली, पुढे तो मिर्माराक्ने झाला आणि 2016 पासून मिर्माप्लाटा.

जुन्यांची नावं बदलत असतानाच नव्या जातीही सापडताहेत. 2021 मध्ये ठाणे-कल्याण परिसरातल्या एका नव्या जातीला इशियस तुकारामी हे नाव मिळालं. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री गिरगाव चौपाटीवर गोळ्या झेलत दहशतवादी कसाबला धरून ठेवणारे पोलीस तुकाराम ओंबळे यांचं हे स्मरण. पुण्यात बाणेरच्या टेकडीवर सापडलेल्या जातीचं नाव ओकिनाविशियस टेकडी. तिची प्रजातीही प्रुशिन्स्कींच्याच त्या 2016 च्या फोडाफोडीतून आलेली.

प्रजाती बदलल्या, पुन्हा बदलतीलही. जात मात्र पहिल्या वर्णनासाठी जपलेल्या नमुन्याशी बांधलेली असते, म्हणून ते नमुने आणि त्यांवरची स्थळ-तारीख लाखमोलाची. उल्हासनगर ते बदलापूर पट्ट्यात बांधकामं झपाट्याने वाढताहेत, आज दिसणारं उद्या दिसेलच असं नाही. तेव्हा दिवाळीची साफसफाई करताना भिंतीवरच्या या पाहुण्यावर झाडू फिरवू नका. त्याचा फोटो काढा, आणि जागा व तारीख तेवढी लिहून ठेवा.