हळदीचं बेणं आणि हळदीचं पाणी

‘पी हळद अन् हो गोरी’ ही म्हण ज्यानं पहिल्यांदा उच्चारली तो माणूस हळद लावणारा असला पाहिजे, असं आम्हाला नेहमी वाटतं. कारण उतावळेपणाला इतकं कमी दाद देणारं पीक दुसरं नाही. मे महिन्यात गड्डा मातीत घालायचा आणि जानेवारी-फेब्रुवारीत उकरून बघायचं, आत काय झालंय ते. मधले आठ-नऊ महिने सगळा कारभार जमिनीखाली चालतो. वर दिसतात ती फक्त पानं. म्हणून आज आपण जे बोलणार आहोत ते मुख्यतः पानं बघून खालचं कसं ओळखायचं, आणि खालचं बिघडू नये म्हणून आधी काय करायचं, एवढ्यापुरतंच आहे. हळदीचे औषधी गुण वगैरे विषय आम्ही सोडून देतोय, त्यावर बोलणारे भरपूर आहेत.

सुरुवात एका साध्या गोष्टीपासून. हळदीला फूल येतं, आणि सुंदर येतं, पण बी धरत नाही. आपल्याकडच्या बहुतेक सजीवांत गुणसूत्रांचे दोन संच असतात, हळदीत तीन आहेत. तीनाची समान वाटणी होत नाही, त्यामुळे बीज तयार होण्याची वाटच बंद. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. तुमच्या शेतातली हळद ही मागच्या वर्षीच्या हळदीची लेक नव्हे, ती तीच हळद आहे. तोच देह पुढं चाललाय. देह तोच म्हणजे त्याची दुखणीही तीच. गेल्या साली गड्ड्यात बुरशी शिरली असेल, तर ती बेण्याबरोबर यंदाच्या शेतात तुम्ही स्वतः नेऊन लावता.

हे आम्ही पुस्तकात वाचून सांगत नाही. एका वर्षी हळदीला भाव चांगला होता. निवडक जेठे गड्डे शिजवून विकले आणि बेण्याला उरलेसुरले ठेवले. काही गड्डे एका बाजूनं मऊ होते, तेवढा भाग चाकूनं काढला आणि लावले. जूनपर्यंत शेत हिरवंगार. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात खालच्या अंगाची पानं कडेनं वाळायला लागली. आम्ही म्हटलं, नत्र कमी पडलं असेल. युरिया टाकला. आठ दिवसांनी खोड धरून ओढलं तर मुळा उपटावा तसं हातात आलं. गड्डा दाबला तर घाण वासाचं पाणी. त्या तुकड्यात त्या साली बेण्याएवढंही निघालं नाही.

तर बेणं. गड्ड्यांची नावं शेतकऱ्यांना माहीत आहेतच, इतरांसाठी सांगतो. झाडाच्या बुडाशी मधोमध जो मोठा गोलसर असतो तो जेठा गड्डा. त्याच्या बगलेला फुटतात ते बगल गड्डे. त्यांना फुटलेली लांबट बोटं म्हणजे हळकुंडं. आणि मूळ जो लावला होता, सुरकुतलेला, तो सोरा गड्डा. बेण्याला जेठा गड्डा उत्तम, वजन पन्नास ग्रॅमच्या पुढं, डोळे ठसठशीत, मुळ्या साफ केलेल्या. एकरी साधारण दहा क्विंटल लागतं. आकडा मोठा वाटतो आणि तिथंच मन डळमळतं, की एवढं चांगलं विकूनच टाकावं. हळकुंडंही लावता येतात, जातिवंत आणि जाड असतील तर, पण सुरुवातीची शिदोरी कमी असल्यानं रोप उशिरा जोर धरतं.

निवड काढणीच्या दिवशीच करायची. ज्या पट्ट्यात पावसाळ्यात रोग दिसला होता तिथलं एकही बेणं घ्यायचं नाही, गड्डा वरून कितीही देखणा असो. त्या पट्ट्याला ऑगस्टमध्येच काठी रोवून ठेवा. फेब्रुवारीत सगळं शेत सारखंच दिसतं. निवडलेलं बेणं सावलीत, आंब्या-लिंबाच्या झाडाखाली, ढीग करून हळदीच्याच वाळल्या पाल्यानं झाकून ठेवायचं. वर पाणी मारायचं नाही. दोन-अडीच महिने त्याला झोप लागते, ती मोडायची नाही. एप्रिलअखेर डोळे फुगलेले दिसले की समजायचं, जाग आली. अक्षय्यतृतीयेच्या सुमारास लागण सुरू करतात ती यासाठीच. जून उलटून गेला तर वाढीचे दिवसच कमी पडतात, मग खत कितीही घाला.

आता पाणी. हळदीला पाणी लागतं, पण साचलेलं पाणी चालत नाही. हे वाक्य तुम्ही शंभर वेळा ऐकलं असेल. का चालत नाही, ते कमी जण सांगतात.

कंदकुजीला कारणीभूत मंडळी दोन प्रकारची. एक फ्युजॅरियम, ती खरी बुरशी. दुसरी पिथियम, जिला आपण बुरशी म्हणतो खरं, पण तिचं नातं शैवालाच्या एका कुळाशी जास्त जवळचं आहे. पिथियमच्या बीजाणूंना शेपटीसारखे तंतू असतात आणि ते पाण्यात चक्क पोहतात. जमिनीत पाणी भरून राहिलं की त्यांना एका गड्ड्याकडून दुसऱ्याकडं जायला रस्ता मिळतो. शिवाय हवा कोंडली की हळदीची मुळं आधीच गुदमरलेली असतात, म्हणजे दार उघडंच. म्हणून रोग सरीच्या उताराच्या दिशेनं पसरताना दिसतो.

यातून औषधाबद्दल एक महत्त्वाची गोष्ट निघते. आपल्याकडं कुज दिसली की कार्बेन्डाझिम ओतायची सवय आहे. ते फ्युजॅरियमवर चालतं. पिथियमवर नाही, कारण ती त्या कुळातलीच नाही. तिच्यासाठी मेटॅलॅक्झिलच्या गटातली औषधं आहेत. औषधाचं प्रमाण कृषी विद्यापीठाच्या शिफारशीनं आणि डब्यावर लिहिलेलं वाचूनच घ्यायचं. आम्हाला म्हणायचं ते एवढंच, की नेमका रोग न ओळखता ओतलेलं औषध म्हणजे पैसे मातीत. आणि कुजलेला गड्डा औषधानं परत उभा राहत नाही. औषध शेजारच्या निरोगी झाडांसाठी असतं.

त्याआधीची कामं फुकटात होतात. भारी काळ्या जमिनीत सरी-वरंब्यापेक्षा गादीवाफा घ्या, फूटभर उंच. शेताच्या खालच्या कडेला चर मोकळा ठेवा, आणि पावसाळ्यात कोयता-खोऱ्यासकट एक फेरी मारा. मोठा पाऊस पडून गेल्यावर दोन तासांनी सरीत पाणी उभं असेल तर बाकी सगळं सोडून आधी ते काढा. रोगट झाड दिसलं तर मातीच्या गोळ्यासकट उचलून बाहेर न्या, बांधावर टाकू नका. चांगल्या कुजलेल्या शेणखतात ट्रायकोडर्मा मिसळून लागणीच्या वेळी आणि नंतर भरणीच्या वेळी दिलं तर फायदा होतो, मात्र रासायनिक बुरशीनाशकाबरोबर एकाच दिवशी नको, कारण ट्रायकोडर्मा हीसुद्धा बुरशीच आहे. आणि त्याच रानात हळदीमागं हळद किंवा हळदीमागं आलं घेऊ नका. दोघं एकाच कुळातली, रोगही सामायिक.

भरणीचा उल्लेख आला म्हणून सांगतो. लागणीनंतर अडीच-तीन महिन्यांनी गड्डे वर डोकवायला लागतात. माती लावून ते झाकायचे. उघडं पडलेलं हळकुंड हिरवं होतं, नीट पोसत नाही. शिवाय कंदमाशी. डासासारखी दिसते, अंगानं त्याहून मोठी, काळी, लांब पायांची. ती उघड्या गड्ड्यापाशी अंडी घालते आणि अळ्या आत शिरतात. माशी आधी की कुज आधी, यावर जाणकारांत मतभेद आहेत. कुजलेल्या गड्ड्याकडं माशी ओढली जाते असंही अनेकांचं म्हणणं आहे. शेतकऱ्याला उत्तर एकच, गड्डा मातीत झाकलेला पाहिजे.

पानावरचा करपा, आंतरपिकं, खतांचे हप्ते, हे विषय स्थानिक जमिनीप्रमाणं बदलतात, त्यात आज शिरत नाही. एवढंच, की मका आंतरपीक म्हणून घेऊ नका. तो हळदीच्या तोंडचं खातो.

आता कुंडीवाल्यांकडं येऊ. तुमच्यापैकी निम्मे पुण्या-मुंबईच्या गॅलरीतून ऐकताय हे आम्हाला माहीत आहे. बारा-पंधरा इंच रुंद कुंडी किंवा पिशवी, तळाला भरपूर भोकं, माती-कंपोस्ट-कोकोपीट मोकळं मिसळलेलं, एका कुंडीत एकच गड्डा, दोन इंच खोल, डोळा वर. सकाळचं ऊन मिळालं तरी चालतं. कुंडीखालची थाळी पावसाळ्यात काढून टाका. शेतातलं साचलेलं पाणी आणि तुमची थाळी, हळदीला दोन्ही एकच.

श्रावण-भाद्रपदात पातोळ्यांसाठी पानं काढाल, जरूर काढा. कोकण-गोव्याच्या लोकांना तर हळदीच्या पानाशिवाय पातोळ्या म्हणजे पातोळ्याच नव्हेत. पण एका झाडाची दोन-तीनच, आणि जुनी बाहेरची. गड्ड्याचं सगळं जेवण त्या पानातच रांधलं जातं.

आणि दरवर्षी येणारा निरोप: ‘डिसेंबरात पानं पिवळी पडली, झाड गेलं, फेकून दिलं.’ अहो, गेलं नाही! ते पिकलं. ऑगस्टात पिवळं पडणं हा रोग, डिसेंबर-जानेवारीत पिवळं पडणं हा हंगाम. फरक ओळखायचा असेल तर खोड हलकेच ओढा. रोगट असेल तर बुडातून निसटतं, पिकलेलं असेल तर घट्ट असतं. एका ओळखीच्या घरी अशी कुंडी कचऱ्यात निघालेली आम्ही परत आणून उकरली, आत तळहाताएवढा गड्डा होता. पानं बहुतेक वाळली की पाणी थांबवा, पंधरा दिवसांनी पाला कापा, आणखी चार-पाच दिवसांनी काढा.

पुढं शिजवणं. काढल्यावर चार-पाच दिवसांत झालं पाहिजे. शिजवल्यानं आतला स्टार्च फुगून चिकट होतो, रंग सगळीकडं सारखा बसतो आणि वाळायला वेळ कमी लागतो. पूर्वी काईल असायची, आता वाफेचे कुकर आले. परीक्षा जुनीच, काडी हळकुंडात सहज गेली पाहिजे. जेठे गड्डे आणि हळकुंडं वेगळी शिजवा, नाहीतर एक कच्चं राहतं आणि दुसऱ्याचा रंग उतरतो. मग दहा-पंधरा दिवस ऊन, रात्री झाकण. दोन हळकुंडं एकमेकांवर आपटली की खणखणीत आवाज आला पाहिजे. पाच किलो ओल्याचं साधारण एक किलो होतं. आमच्या भागात, सांगलीजवळच्या हरिपुरात, अशी वाळलेली हळद जमिनीखालच्या पेवांत साठवत, वर्षानुवर्षं टिकायची. २००५ च्या महापुरात त्यातली बरीच पेवं पाण्यात गेली. पेवांची हवाबंद माती आणि कृष्णेचा पूर, दोन्ही नदीकाठचंच देणं.

शेवटी एक प्रश्न लेखी आलाय, ‘वाण्याकडचं हळकुंड लावलं तर उगवेल का?’ नाही. ते शिजवलेलं आहे, त्यातला जीव गेला. मंडईत डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत लोणच्यासाठी ओली हळद येते, ती चालेल. मात्र गाठ कडक हवी, डोळा न मोडलेला, आणि मोडून बघितली तर आत एकसारखा नारिंगी रंग. कडेला तपकिरी वर्तुळ असेल तर नको. आणलीत की लगेच लावू नका. टोपलीत, कोरड्या पाल्यात किंवा वाळूत, घराच्या थंड कोपऱ्यात ठेवा आणि एप्रिलच्या शेवटी उघडून बघा.