रिकामा ठेवलेला कॉम्प्युटर आपोआप रीस्टार्ट होतो तेव्हा

जेवायला उठताना कॉम्प्युटर चालू होता, दोन फाइली उघड्या होत्या. परत येऊन बघावं तर पासवर्ड मागणारा पडदा समोर, आणि सेव्ह न केलेलं सगळं गेलेलं. काम करताना तासन्‌तास काही होत नाही, नुसता ठेवला की हा प्रकार. असा डेस्कटॉप दुरुस्तीला नेला की पुष्कळदा पहिला उपाय ऐकू येतो तो म्हणजे फॉरमॅट मारायचा. या घाईला माझा विरोध आहे. नीट बॅकअप न घेता फॉरमॅट मारला तर घरातले फोटो आणि हिशेब जातात, शिवाय दोषाचा पुरावाही पुसला जातो. विंडोज स्वतःची जी नोंदवही लिहितं, ती त्याच ड्राइव्हवर असते.

सगळ्यात खोल रुजलेला गैरसमज असा, की रिकामा कॉम्प्युटर विश्रांती घेत असतो. ताणच नाही, तर वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसचा किंवा प्रोसेसरचा दोष कसा असेल? प्रत्यक्षात काम थांबलं की प्रोसेसर आपले कोअर झोपवतो, व्होल्टेज उतरवतो आणि बारीकसारीक कामांसाठी एका सेकंदात कितीतरी वेळा जागा होऊन पुन्हा झोपतो. झोपेच्या या पायऱ्यांना सी-स्टेट म्हणतात. २०१३ साली इंटेलचे हॅसवेल प्रोसेसर आले, तेव्हा त्यांच्या सगळ्यात गाढ झोपेत १२ व्होल्टच्या लाइनवर अवघा ०.०५ अँपिअर प्रवाह पुरायचा. तोवरचे बरेच एसएमपीएस निदान अर्धा अँपिअर तरी ओढला जाईल असं धरून बनवलेले. भार त्याहून खाली गेला की काहींचं व्होल्टेज बिघडायचं आणि यंत्र बंद पडायचं. २०१७ मध्ये एएमडीचे पहिले रायझेन आले, त्यांच्यातही रिकामं असताना गोठण्याच्या तक्रारी झाल्या. म्हणून त्या मदरबोर्डांच्या बायोसमध्ये ‘पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल’ ही सेटिंग मिळू लागली. ती ‘टिपिकल करंट आयडल’वर ठेवली की प्रोसेसर फार गाढ झोपत नाही. वीज थोडी जास्त जाते, पण अशा यंत्रावर सर्वांत आधी मी हेच करून पाहीन, कारण याला एक रुपयाही लागत नाही. प्रोसेसरचं व्होल्टेज हाताने कमी केलेलं असेल, तर तेही आधी मूळ जागी आणावं.

‘तासभर जड गेम चालवला, काही झालं नाही, म्हणजे हार्डवेअर ठणठणीत’ हा निष्कर्षही म्हणूनच टिकत नाही. गेम चालू असताना प्रोसेसर त्या गाढ झोपेत जातच नाही. बायोसच्या पडद्यावर रात्रभर ठेवून बघणाऱ्यांचंही तेच होतं. तिथेही प्रोसेसर सहसा जागाच असतो. दोष शोधायचा तर परीक्षा रिकामेपणाचीच घ्यायला हवी. पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करा आणि काही न करता यंत्र रात्रभर तसंच ठेवा. तिथेही रीस्टार्ट झाला, तर विंडोज निर्दोष आहे आणि फॉरमॅटचा खर्च वाचला.

आता नोंदवही. इव्हेंट व्ह्यूअर उघडून विंडोज लॉग्जमधल्या सिस्टम या भागात गेलं की ‘कर्नल-पॉवर ४१’ ही लाल खुणेची नोंद सापडते. नावात पॉवर दिसलं की लोक थेट नवा एसएमपीएस आणतात. ही नोंद मात्र कारण सांगतच नाही. आधीच्या वेळी मी रीतसर बंद झालो नव्हतो, एवढंच विंडोज पुन्हा सुरू झाल्यावर लिहितं. तिच्या तपशिलात ‘बगचेक कोड’ पाहावा. तो शून्य असेल तर बहुधा वीज तुटली, यंत्र रीसेट झालं किंवा गोठलं. शून्य नसेल तर निळा पडदा आला होता, तुम्ही तिथे नव्हता म्हणून दिसला नाही. ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’मधली ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’ची खूण काढली, तर पुढच्या वेळी तो पडदा तुमची वाट बघत थांबेल.

४१ ऐवजी १०७४ ही नोंद दिसली तर बिघाड नाहीच. कोणत्या प्रोग्रॅमने रीस्टार्ट मागवला त्याचं नाव तिथे लिहिलेलं असतं, आणि बरेचदा तो विंडोज अपडेटच असतो. अपडेटला असा रिकामा वेळच हवा असतो. ज्या वेळात अपडेटने आपोआप रीस्टार्ट करू नये, ते ‘अ‍ॅक्टिव्ह अवर्स’ जास्तीत जास्त १८ तासांचे ठेवता येतात. शिवाय विंडोजची स्वयंचलित देखभाल मुळात पहाटे २ची लावलेली असते. रोज साधारण त्याच वेळी रीस्टार्ट होत असेल, तर स्क्रूड्रायव्हर बाजूला ठेवा आणि घड्याळ बघा.

व्हायरस आणि उष्णता यांच्यावर सरसकट आळ येतो, पण या लक्षणाशी दोन्हींचा मेळ कमी बसतो. तापलेला प्रोसेसर आधी वेग कमी करतो, आणि तरी भागलं नाही तर यंत्र सहसा बंदच पडतं. पंखा फिरतोय ना, एवढं पाहिलं की पुढे जावं.

‘यूपीएस आहे, म्हणजे विजेचा प्रश्न नाही’ हा समज मात्र जास्त फसवतो. घरगुती यूपीएसमधली १२ व्होल्टची लेड-अ‍ॅसिड बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते, उकाड्यात त्याआधीच. समोरचा दिवा तरी हिरवा असू शकतो. मग क्षणभर लाइन गेली की यूपीएस बॅटरीवर जातो आणि तिथेच बसतो. बायोसमध्ये ‘वीज आल्यावर सुरू हो’ अशी सेटिंग असेल, तर कॉम्प्युटर पुन्हा उभा राहतो आणि तुम्हाला तो रीस्टार्ट वाटतो. ही सेटिंग काही दिवस ‘पॉवर ऑफ’वर ठेवा. परत आल्यावर यंत्र बंद सापडलं, तर संशय विजेवर किंवा यूपीएसवर. सगळं सेव्ह करून यूपीएसचा प्लग भिंतीतून काढून बघितला, तर एका मिनिटात उत्तर मिळतं.

रॅम खोडरबराने घासून बसवणं हा आपल्याकडचा जुना तोडगा. संपर्क खराब असेल तर त्याने फरक पडतोही, पण सदोष रॅम त्याने सुधारत नाही. रॅम तपासणारा मेमटेस्ट रात्रभर चालवणं, एका वेळी एकच पट्टी लावून बघणं हाच खरा तपास.

आणि नवा एसएमपीएस घेण्याआधी, एखाद्याकडून उसना आणून लावण्याच्याही आधी, कॅबिनेटचं रीसेटचं बटण बघा. ते धुळीने अर्धवट अडकलेलं असेल किंवा त्याची वायर आत कुठे चिमटली असेल, तर हलक्या धक्क्यानेही यंत्र रीसेट होतं. कॉम्प्युटर बंद करून, प्लग काढून, मदरबोर्डवरची ‘रीसेट एसडब्ल्यू’ लिहिलेली दोन पिनांची वायर उपसून ठेवा आणि दोन दिवस वापरा. पॉवरच्या बटणाची वायर वेगळी असते, तेव्हा यंत्र नेहमीसारखंच चालू-बंद करता येतं.