कोमट रेडिएटरचं गणित

ब्रिटनमध्ये घर घेतलेल्या मराठी कुटुंबांपुढे आता एक नवा प्रश्न येतो. जुना गॅस बॉयलर थकला, तर पुन्हा बॉयलरच बसवायचा की हीट पंप? इंग्लंड आणि वेल्समध्ये हीट पंपासाठी मिळणारं सरकारी अनुदान २०२३ मध्ये पाच हजारांवरून साडेसात हजार पौंडांवर नेलं गेलं, त्यामुळे मोह होतोच. पण बसवून झाल्यावर शेजारी-शेजारी राहणाऱ्या दोघांचे अनुभव जमीन-अस्मानाइतके वेगळे निघू शकतात. एकाचं बिल उतरतं, दुसऱ्याचं चढतं. पुष्कळदा यंत्रात काहीच खोट नसते, ते चालवण्याची रीत चुकलेली असते.

हीट पंप उष्णता तयार करत नाही, बाहेरची आत आणतो. बाहेर शून्य अंश असताना तिथे कसली उष्णता, असं वाटेल. पण अलीकडच्या अनेक पंपांत प्रोपेन वापरतात. आपल्या स्वयंपाकाच्या सिलिंडरमधल्या गॅसचा हाच एक घटक. साध्या वातावरणीय दाबाला तो उणे ४२ अंशांवरच उकळतो. त्याच्या दृष्टीने लंडनची गारठलेली हवा म्हणजे चांगलीच ऊब. बाहेरच्या युनिटमधला पंखा ती हवा नळ्यांवरून खेचतो, आतल्या द्रवाची वाफ होते, काँप्रेसर तिला दाबून तापवतो आणि ती उष्णता रेडिएटरच्या पाण्याला मिळते. आपला फ्रिज हेच करतो, फक्त त्याच्या मागच्या जाळीची ऊब आपण वाया घालवतो. लॉर्ड केल्विन यांनी १८५२ मध्येच ही कल्पना मांडली होती.

वीज लागते ती उष्णता 'चढवायला'. सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवताना टाकी जितकी उंच, तितकी मोटर जास्त खाते, तसंच हे. बाहेर शून्य अंश असताना रेडिएटरला ३५ अंशांचं पाणी पुरत असेल, तर विजेच्या एका युनिटमागे चारच्या आसपास युनिटं उष्णता मिळते. तेच पाणी ५५ अंशांवर मागितलं, तर अडीच ते तीन. आणि इथेच पैशांचा खेळ आहे. ब्रिटनमध्ये विजेचं युनिट गॅसच्या युनिटच्या सुमारे चौपट महाग आहे. बॉयलरमध्ये वाया जाणारा गॅस हिशेबात धरला, तरी वर्षभराची सरासरी साडेतीनच्या खाली गेली की हीट पंपाचं बिल बॉयलरपेक्षा जास्त.

म्हणून बॉयलरच्या सवयी मोडाव्या लागतात. कामावरून आल्यावर बटण दाबायचं, तासाभरात घर तापवायचं आणि झोपताना बंद करायचं, हे बॉयलरला शोभतं. हीट पंपाला संथपणे, जवळजवळ दिवसभर चालू द्यावं. रेडिएटरला हात लावला तर तो कोमट लागेल. ते बिघडल्याचं लक्षण नव्हे, उलट चांगलं चालल्याची खूण आहे. बाहेरचं तापमान पाहून पाणी कमी-जास्त तापवण्याची सोय नियंत्रकात असते, तिला वेदर कॉम्पेन्सेशन म्हणतात. ती चालू करावी, पाण्याचं तापमान एक-दोन अंशांनी उतरवावं, दोन दिवस थांबावं. कुडकुडायला झालं नाही, तर आणखी उतरवावं. खोल्याखोल्यांतले व्हॉल्व्ह बंद करून बचत करायला जाऊ नये. पाणी फिरायला जागा उरली नाही, की यंत्र सारखं चालू-बंद होत राहतं आणि काँप्रेसरचं आयुष्य घटतं.

थंड, दमट दिवशी बाहेरच्या युनिटवर बर्फाचा पांढरा थर धरतो. मग पंखा थांबतो, यंत्र काही मिनिटं उलटं चालतं, घरातली थोडी उष्णता बाहेर नेऊन तो बर्फ वितळवतं आणि वाफेचा ढग उठतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला आग लागली की काय वाटतं. काही करू नये. फक्त वितळलेलं पाणी पायवाटेवर वाहून गोठणार नाही, एवढं पाहावं. तो थर तासन्‌तास हटलाच नाही, तर मात्र तंत्रज्ञाला बोलवा.

घरच्यांनी करायची देखभाल तशी किरकोळ. युनिटमध्ये अडकलेली पानं काढायची, पत्र्याच्या पातळ पात्या मऊ ब्रशने साफ करायच्या. जोरदार फवारा मारला तर त्या वाकतात. समोर कुंड्या किंवा लाकडी आडोसा उभा करू नये, नाहीतर पंख्याने फेकलेली गार हवा यंत्र पुन्हा आत ओढतं. पाण्याचा दाब दाखवणारा काटा अधूनमधून पाहावा आणि मॅग्नेटिक फिल्टर वार्षिक सर्व्हिसिंगमध्ये साफ करून घ्यावा. गॅसच्या भागाला प्रमाणित तंत्रज्ञाशिवाय कुणी हात लावू नये. प्रोपेन ज्वालाग्राही आहे.

बिल अचानक फुगलं, तर पहिला संशय गरम पाण्याच्या टाकीतल्या इमर्शन हीटरवर घ्यावा. लेजिओनेला जिवाणू मारण्यासाठी आठवड्यातून एकदा टाकीचं पाणी ६० अंशांच्या आसपास नेतात, तेव्हा तो बहुधा मदतीला येतो. पण चुकीच्या सेटिंगमुळे तो रोजच चालू राहिला, तर युनिटला युनिट असा सरळ हिशेब होतो, एकाचे तीन नाहीत.

महाराष्ट्रात घर तापवायची गरज नाही, पण आंघोळीच्या पाण्यासाठी हीट पंप वसतिगृहांत, हॉटेलांत आणि काही सोसायट्यांत आले आहेत. शंभर लिटर पाणी २० वरून ५५ अंशांवर न्यायला गिझरला चार युनिटांहून थोडी जास्त वीज लागते, हीट पंपाला सव्वा-दीड. इथे शत्रू थंडी नाही, क्षार आहेत. बोअरचं जड पाणी असेल, तर कॉइलवर थर साचतो आणि बचत हळूहळू गिळतो.

ब्रिटनमध्ये पंप बसवायचा विचार असेल, तर सही करण्याआधी बसवणाऱ्याला एवढं विचाराच. बाहेर शून्य अंश असताना रेडिएटरला किती अंशांचं पाणी लागेल? उत्तर ५५ आलं, तर आधी रेडिएटर मोठे करून घ्या.