अंडे रोज का तोलायचे?

एप्रिल १९८७ मध्ये अमेरिकेतील रानातला शेवटचा कॅलिफोर्निया काँडॉर पकडला गेला. तेव्हा या गिधाडांपैकी जगात अवघे २७ पक्षी उरले होते आणि सारे पिंजऱ्यात होते. काँडॉरची मादी एका वेळी एकच अंडे घालते. ते उचलून उबवणी-यंत्रात ठेवले, की ती बहुधा दुसरे घालते.

सॅन डिएगोच्या प्रजनन-केंद्रात या अंड्यांचे वजन वरचेवर करावे लागते. का बरे? कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांतून पाण्याची वाफ बाहेर पडते. पक्ष्यांच्या अंड्याचे वजन उबवणीत साधारण १५ टक्के घटते. घट कमी झाली तर आतली हवेची पोकळी लहान राहून पिल्लू गुदमरते. जास्त झाली तर ते सुकते. म्हणून वजन पाहून यंत्रातील आर्द्रता बदलतात.

सुमारे ५७ दिवसांनी पिल्लू बाहेर येते. आईबापांविना वाढणाऱ्या पिल्लाला भरवताना कर्मचारी हातात काँडॉरच्या डोक्याची बाहुली घालतात; नाहीतर ते माणसालाच आपले समजेल.

१९९२ पासून काँडॉर पुन्हा रानात सोडले जात आहेत. आज त्यांची एकूण संख्या पाचशेच्या वर आहे.

शाळेच्या तराजूवर कोंबडीचे अंडे आठवडाभर रोज तोलून पाहा. ही घट तुम्हालाही दिसेल.